सूर्य मावळल्यानंतरची वीज

सौरऊर्जेचा विषय निघाला, की सगळ्यांची नजर आपोआप छपराकडे जाते. पॅनेल किती वॅटचं, कुठल्या कंपनीचं, अनुदान किती मिळालं, हीच चौकशी होते. ज्या घरात वीज कंपनीची तार आलेली आहे, तिथे एवढी चौकशी पुरतेही. दिवसा जास्तीची वीज तारेत सोडायची आणि रात्री तारेतून परत घ्यायची, असा तिथला व्यवहार असतो. पण ज्या घराला तारच नाही, त्या घराचा रात्रीचा दिवा पॅनेलवर लागत नाही. तो लागतो खाली, कोपऱ्यात, फळीवर ठेवलेल्या दोन जड खोक्यांवर. आज मी बोलणार आहे ते या खोक्यांबद्दल, म्हणजे बॅटऱ्यांबद्दल. त्या निवडायच्या कशा आणि जोडायच्या कशा, एवढाच विषय.

आता कुणी म्हणेल, वीज तर सगळीकडे पोहोचली, मग हा विषय कशाला? एप्रिल २०१८मध्ये देशातल्या प्रत्येक गावात वीज पोहोचल्याचं सरकारने जाहीर केलं, हे खरं आहे. पण गावातल्या सार्वजनिक जागा आणि किमान दहा टक्के घरं उजळली, की गाव विद्युतीकरण झालेलं मानायचं, अशी त्याची व्याख्या होती. मुंबईच्या बंदरातून दिसणाऱ्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल जाऊन वीज आली तीसुद्धा फेब्रुवारी २०१८मध्ये. तोपर्यंत तिथे संध्याकाळचे काही तास डिझेलचं जनित्र चालायचं. सातपुड्यात, मेळघाटात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मूळ गावापासून दूर असलेले पाडे आणि एकेकटी घरं आहेत. वनखात्याच्या चौक्या आहेत, शेतावरची वस्ती आहे. २०१७च्या 'सौभाग्य' योजनेत अशा दुर्गम घरांसाठी दोनशे ते तीनशे वॅटचा सौरसंच ठरवला होता. त्यात बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल होती. २०१८-१९मध्ये बसलेल्या संचांची ती पाच वर्षं सरली. पॅनेल अजून पंधरा-वीस वर्षं चालेल, पण बॅटरी तितकी टिकत नाही. पुढची बॅटरी कुठली घ्यायची, हा निर्णय आता त्या घराने स्वतः घ्यायचा आहे. पंधरा-वीस हजार रुपयांचा हा निर्णय असतो. चुकला तर घर पुन्हा अंधारात जातं.

पहिली गोष्ट अशी, की सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. बाहेरून दिसतात मात्र जुळ्या भावंडांसारख्या. मोटारीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी एका कामासाठी बनवलेली असते, ते म्हणजे इंजिन फिरवण्याचं. त्यासाठी तिला काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. मग आत पातळ पातळ पुष्कळ प्लेटा घातलेल्या असतात, म्हणजे ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. इंजिन सुरू झालं, की लगेच अल्टरनेटर तिला भरून काढतो. ती रिकामी अशी कधी होतच नाही. घरातल्या दिव्यांचं काम अगदी उलटं आहे. संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत थोडा थोडा प्रवाह द्यायचा, निम्मं पोट रिकामं करायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचं आणि हे वर्षानुवर्षं रोज करायचं. यालाच डीप सायकल म्हणतात. मोटारीची बॅटरी म्हणजे शंभर मीटर धावणारा गडी आणि डीप सायकल बॅटरी म्हणजे आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारा वारकरी. धावणाऱ्याला वारीला पाठवलं, तर तो पहिल्या दोन मुक्कामांतच बसेल. ट्रॅक्टरची बॅटरी घराच्या दिव्यांना लावली, की तिचं हेच होतं. काही महिन्यांत पातळ प्लेटांवरचा लेप गळून तळाला साचतो आणि बॅटरी संपते.

आपल्याकडे या कामासाठी जी बॅटरी मिळते तिला ट्युब्युलर म्हणतात. तिच्या धन प्लेटेत शिशाच्या काड्यांभोवती विणलेल्या नळ्या असतात आणि नळ्यांत शिशाचं संयुग ठासून भरलेलं असतं. नळीमुळे ते गळून पडत नाही. उंच, जड, पाणी घालावी लागणारी ही बॅटरी गेली कित्येक वर्षं आपल्या उन्हात आणि धुळीत टिकलेली आहे. मूळ शोध फ्रान्समधल्या गास्ताँ प्लांते यांचा, १८५९ सालचा. आत घडतं तेही तेच. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची आणि मध्ये पाण्यात पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. वीज खर्च होते तेव्हा ॲसिडातलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं आणि ॲसिड पातळ होतं. चार्ज करताना ते सल्फेट पुन्हा ॲसिडात उतरतं. पण बॅटरी अर्धी रिकामी राहून आठवडेच्या आठवडे तशीच पडली, तर प्लेटांवरच्या सल्फेटचे खडे होतात. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओल धरून दगड होतं ना, तसंच हे होतं. हे खडे मग साध्या चार्जिंगने विरघळत नाहीत. त्याला सल्फेशन म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच बॅटऱ्या यानेच मरतात आणि बहुतेक पावसाळ्यातच मरतात.

बॅटरी विकत घेताना तिच्यावर '१५० एएच' असं लिहिलेलं असतं. एएच म्हणजे अँपिअर-तास. पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सी-१० किंवा सी-२० असं काही लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सी-१० म्हणजे ही बॅटरी दहा तासांत रिकामी करायची ठरवली, तर १५ अँपिअरने दहा तास चालेल, असे दीडशे. सी-२० म्हणजे साडेसात अँपिअरने वीस तास, असे दीडशे. बॅटरी जितक्या घाईने रिकामी करावी तितकी ती कमी देते. हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७मध्ये मांडला. त्यामुळे सी-२०ची दीडशेची बॅटरी दहा तासांच्या हिशेबाने सव्वाशे-एकशेतीसच्या आसपासच भरते. शहरात लाईट गेल्यावर लागणाऱ्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बहुधा सी-२०च्या असतात आणि सौरसंचासाठीच्या सी-१०च्या. दुकानदार दोन्हींना दीडशेचीच म्हणतो. तो खोटं बोलत नाही, पण आपण पुढचा प्रश्न विचारला नाही तर तो स्वतःहून सांगतही नाही.

आता किती मोठी बॅटरी घ्यायची? इथे अंदाज नको, कागद-पेन्सिल हवी. एका घराचा हिशेब करून पाहू. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे, रोज पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. कमी विजेवर चालणारे, ज्यांना बीएलडीसी म्हणतात ते तीस वॅटचे दोन पंखे, नऊ तास, म्हणजे ५४०. चाळीस वॅटचा टीव्ही चार तास, म्हणजे १६०. मोबाइल चार्जिंगचे २०. एकूण झाले ९००. इन्व्हर्टर मधल्या मध्ये काही वीज खातो. शिवाय नुसता चालू ठेवला, तरी त्याची स्वतःची भूक असते. त्याचे ३०० धरू. रोजचा खर्च झाला १,२०० वॅट-तास.

एखादा दिवस ऊन पडलंच नाही तरी दिवा लागला पाहिजे, म्हणून दोन दिवसांचा साठा धरायचा, म्हणजे २,४००. आणि बॅटरी निम्म्याहून खाली न्यायची नाही, म्हणून त्याच्या दुप्पट, ४,८००. याला २४ व्होल्टने भागलं, की २०० अँपिअर-तास येतात. म्हणजे १२ व्होल्टच्या, २०० एएचच्या दोन बॅटऱ्या. निम्म्याहून खाली का न्यायची नाही? कंपन्यांच्या पत्रकांत साधारण असं असतं, की ट्युब्युलर बॅटरी रोज ऐंशी टक्के रिकामी केली तर दीड हजार फेऱ्या देते आणि पन्नास टक्केच केली तर तीन हजार. प्रत्यक्षात उष्णतेमुळे आणि हेळसांडीमुळे आकडे याहून कमी येतात, पण प्रमाण हेच राहतं. तिचं पोट रोज निम्मंच रिकामं करणं शेवटी स्वस्त पडतं.

या हिशेबात एक गंमत पाहा. तीस वॅटच्या पंख्यांऐवजी जुने पंचाहत्तर वॅटचे पंखे लावले असते, तर पंख्यांचेच १,३५० झाले असते आणि ९००ची बेरीज १,७१०वर गेली असती. म्हणजे बॅटऱ्याही जवळजवळ दुप्पट लागल्या असत्या. त्यामुळे सौरसंच घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो, बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी पंख्याच्या दुकानात जा.

बॅटरी मोठी घेतली आणि पॅनेल लहान, तर तो मोठा रांजण तांब्याने भरण्याचा प्रकार होतो. बॅटरीत घातलेल्या विजेपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपासच परत मिळते, म्हणून १,२०० खर्चायला १,५०० घालावे लागतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात आपल्याकडे दिवसाला पाच तास तरी भरघोस ऊन मिळतं. धूळ, उष्णता यांची तूट वजा केली, तर ४०० वॅटचं पॅनेल पुरतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये तीन तासांचाच हिशेब धरला, तर साडेसहाशेच्या वर लागतं. शिवाय या बॅटरीला निदान तिच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे २० अँपिअरने, चार्जिंग मिळायला हवं. २४ व्होल्टच्या जोडीला त्यासाठीही साडेपाचशेच्या पुढे वॅट लागतात. म्हणून या घराला ३३० वॅटची दोन पॅनेल्स योग्य. 'सोलर पावसाळ्यात चालत नाही' असं लोक म्हणतात. ते चालतं. बहुतेक वेळा हिशेब एप्रिलच्या उन्हात केलेला असतो, एवढंच.

आता जोडणीकडे येतो. शाळेच्या पुस्तकात याला एकसर जोडणी आणि समांतर जोडणी म्हणतात, वायरमनच्या तोंडी सिरीज आणि पॅरलल. पाण्याच्या टाक्यांचं उदाहरण घ्या. एका टाकीच्या डोक्यावर दुसरी टाकी ठेवून दोन्ही जोडल्या, की खालच्या नळाला दाब दुप्पट येतो. तशी सिरीज. पहिल्या बॅटरीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडायचं आणि उरलेल्या दोन टोकांतून वीज घ्यायची. १२ आणि १२ मिळून २४ व्होल्ट होतात, अँपिअर-तास मात्र २००च राहतात. दोन टाक्या जमिनीवर शेजारी ठेवून तळाशी जोडल्या, तर दाब तोच, पण पाणी दुप्पट. तशी पॅरलल. धनला धन, ऋणला ऋण. व्होल्ट १२च, पण अँपिअर-तास ४००. साठलेली वीज दोन्हींत सारखीच आहे.

मग २४ व्होल्ट कशासाठी? तारेसाठी. दीड हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला, तर २४ व्होल्टवर बॅटरीतून पाऊणशे अँपिअर प्रवाह निघतो. १२ व्होल्टवर तोच दीडशे होतो. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला, की त्याच तारेतली नासाडी चौपट. आता बॅटरीपासून इन्व्हर्टर दोन मीटरवर आहे असं धरा, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार. ती पंचवीस चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल, तर पाऊणशे अँपिअरला पाव व्होल्टच्या आसपास घट होते. तिथे कुणी घरात उरलेली चार चौरस मिलिमीटरची वायर लावली, तर घट दीड व्होल्ट होते आणि त्या चार मीटरमध्ये शंभर वॅटहून अधिक उष्णता तयार होते. वायरीचं आवरण वितळतं. आग लागली नाही, तरी दुसरा त्रास आहेच. बॅटरी भरलेली असताना इन्व्हर्टर 'बॅटरी लो' म्हणून ओरडू लागतो. कारण त्याच्यापर्यंत पोहोचणारा दाबच कमी असतो. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ ठेवा आणि केबलमध्ये कंजुषी करू नका. केबलच्या टोकाला तांब्याचा लग यंत्राने घट्ट दाबून बसवलेला हवा. तार पिळून नटाखाली अडकवलेली चालत नाही. सैल सांधा तापतो आणि तापलेला सांधा आणखी सैल होतो.

घर मोठं असेल, तर दोन-दोन बॅटऱ्यांच्या दोन माळा पॅरलल जोडाव्या लागतात. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती अनेक वायरमनही करत नाहीत. इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या धन आणि ऋण अशा दोन्ही केबल एकाच माळेवरून काढल्या, तर ती जवळची माळ जास्त राबते आणि लांबची आराम करते. म्हणून धन केबल पहिल्या माळेवरून आणि ऋण केबल शेवटच्या माळेवरून, अशी तिरकी काढायची. मधल्या जोडतारा एकाच जाडीच्या आणि एकाच लांबीच्या ठेवायच्या. मग वीज कुठल्याही माळेतून आली, तरी तिला सारखंच अंतर पडतं. दोन किंवा फार तर तीन माळा. त्याहून जास्त साठा हवा असेल, तर लहान बॅटऱ्यांचा कळप करण्यापेक्षा २ व्होल्टचे मोठे सेल सिरीजमध्ये घेणं उत्तम.

सिरीजमधल्या बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या हव्यात. नवी आणि जुनी एका माळेत बांधली, तर प्रवाह दोघींतून सारखाच वाहतो. जुनी आधी रिकामी होते आणि तरीही तिच्यातून ओढणं चालूच राहतं. चार्जिंगच्या वेळी ती आधी भरते आणि उकळू लागते, तर नवी अर्धपोटी राहते. वर्षभरात दोन्ही सारख्याच निकामी होतात.

याच संदर्भात एक अनुभव सांगतो. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर बालवाडीसाठी आणि संध्याकाळच्या अभ्यासासाठी २४ व्होल्टचा संच होता. चौदा महिन्यांत डावीकडची बॅटरी गेली. पाड्याने मोहाच्या हंगामातल्या पैशांतून वर्गणी काढून नवी जोडी आणली. वर्ष उलटतंय तोच पुन्हा डावीकडचीच गेली. उजवीकडची ठणठणीत. त्या कोपऱ्यातच काहीतरी दोष आहे, असं बोललं जाऊ लागलं. आता पुन्हा पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं आणि मुलं पुन्हा चिमणीच्या उजेडात बसू लागली होती. मी मल्टिमीटर लावला. उजवीकडची १२.७ व्होल्ट, डावीकडची ११.६. मग भिंतीच्या कडेने शोधत गेल्यावर डाव्या बॅटरीच्या दोन टोकांवरून निघालेल्या दोन बारीक वायरी दिसल्या. बाहेरच्या ओट्यावरचा बल्ब आणि मोबाइलचा चार्जर १२ व्होल्टचे होते. एका हुशार पोराने विचार केला, की २४ची जोडी आहे, त्यातल्या एकीवरून १२ घेऊ. त्याचं गणित बरोबर होतं. पण चार्ज कंट्रोलर दोघींना मिळूनच चार्ज करतो. एका भावाच्या ताटातूनच रोज पाहुण्याला वाढलं, तर तो भाऊ उपाशी राहणारच. २४चे १२ करून देणारं छोटं उपकरण, डीसी-डीसी कन्व्हर्टर, जोडीच्या दोन टोकांवर लावलं आणि प्रश्न मिटला. तो पोरगाच पुढे त्या संचाची देखभाल करू लागला. जोडीतल्या एकीवरून कधीच काही घेऊ नका, ही गोष्ट मी त्यानंतर प्रत्येक ठिकाणी भिंतीवर लिहून ठेवायला सांगतो.

आता सुरक्षितता. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बॅटरीला घाबरत नाहीत. पण तिची दोन टोकं पान्ह्याने चुकून जोडली गेली, तर हजार अँपिअरच्या घरात प्रवाह वाहतो. पान्हा लाल होतो, टर्मिनल वितळतं. जोडणी करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्ह्याच्या दांडीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. वरच्या उदाहरणात पाऊणशे अँपिअरच्या केबलला शंभर अँपिअरचा डीसी फ्यूज योग्य. हा फ्यूज केबलला वाचवतो, म्हणून तो केबलच्या सुरुवातीलाच असला पाहिजे. आणि तो डीसीचाच हवा. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. घरातला साधा एमसीबी तिथे लावला, तर उघडल्यावरही आत ठिणगी जळत राहू शकते. संच जोडताना आधी बॅटरी चार्ज कंट्रोलरला जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी.

चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं, की ठिणगीने पेट घेऊ शकतो. तो हलका असल्याने वर चढतो, म्हणून खोलीला वरच्या बाजूला झरोका हवा. चुलीजवळ, देवघरातल्या समईजवळ बॅटरी ठेवू नका. पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीतही नको. तापमान कायम दहा अंशांनी वाढलं, की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. घरातला सर्वांत गार, हवेशीर कोपरा तिला द्या.

देखभालीला महिन्यातून पंधरा मिनिटं पुरतात. झाकणं उघडून पाण्याची पातळी पाहायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बोअरचं, नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आणि क्लोरीन प्लेटा खातात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घाला, नाहीतर फुगून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडण्यापुरतं आधी घाला. टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावा. आणि शे-दोनशे रुपयांचं एक हायड्रोमीटर घरात ठेवा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीचं ॲसिड १२४०च्या आसपास दाखवतं, अर्ध्यावर आली की ११८०च्या खाली जाऊ लागतं. सहाही कप्प्यांचे आकडे वहीत लिहायचे. एक कप्पा बाकीच्यांपेक्षा चाळीस-पन्नासने मागे पडू लागला, तर दुखणं सुरू झालंय असं समजा आणि दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. पावसाळ्यात सलग चार दिवस ऊन नसेल, तर टीव्ही बंद ठेवा आणि ऊन पडताच पहिला दिवस बॅटरीला द्या. ती पूर्ण भरू द्या.

लिथियमचं काय, असं आता सगळे विचारतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी खरोखर चांगली आहे. ऐंशी-नव्वद टक्के रिकामी केली तरी चालते, हजारो फेऱ्या देते, पाणी मागत नाही आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. पाड्यावर साठ किलोची बॅटरी बांबूला बांधून चढवून नेणाऱ्यांना हलकेपणाची किंमत विचारा! पावसाळ्यात अर्धी रिकामी राहिली, तरी तिच्यावर सल्फेटचे खडे होण्याचा प्रश्नच नाही. किंमत अजून जास्त आहे, पण उतरत चालली आहे आणि दहा वर्षांचा हिशेब केला तर अनेकदा तीच परवडते. तीन गोष्टी मात्र सांभाळा. तिच्यात संरक्षण करणारं बीएमएस हे सर्किट असलंच पाहिजे. चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर दोन्हींचं सेटिंग लिथियमचं हवं. आणि शिशाच्या बॅटरीबरोबर ती एकत्र जोडायची नाही. शिवाय बीएमएस बिघडलं, तर पाड्यावर ते दुरुस्त करणारा मिळत नाही. ट्युब्युलरला पाणी घालणारा मात्र कुणीही होऊ शकतो. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती मिळते का, हे पाहून ठरवा.

शेवटी जुन्या बॅटरीबद्दल. तिच्यात कित्येक किलो शिसं असतं आणि शिसं हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूवर ते परिणाम करतं. भंगारवाल्याला वजन कमी दाखवायला नको म्हणून किंवा हलकी करून न्यायची म्हणून तिचं ॲसिड ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारालाच परत द्या, तिचे पैसेही वजा होतात.

दुकानात जाल तेव्हा घरातल्या विजेच्या हिशेबाचा कागद खिशात असू द्या. सी-१० आहे का, ते विचारा. बनवल्याची तारीख पाहा आणि दोन्ही बॅटऱ्यांची तारीख एकच असू द्या. वॉरंटीच्या कार्डावर शिक्का घ्या. बसवणारा येईल, तेव्हा फ्यूज कुठे लावतोय आणि केबल किती जाड आणलीय, ते शेजारी उभं राहून बघा. आणि त्याच दिवशी घरातल्या एकाच्या, शक्यतो शाळेत जाणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या, हातात ते हायड्रोमीटर आणि ती वही द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)